नववीचं विज्ञान घरी शिकवायचं म्हणता?

आठवीचा निकाल लागला की मे-जूनच्या दिवसांत काही घरांतून एकच प्रश्न येतो. "मॅडम, पोरगी यंदापासून घरीच शिकणार हाये. बाकीचे विषय पाहून घेऊ, पन विज्ञानाचं काय करावं? कोनता कोर्स लावावं?" माझी सगळी नोकरी नववी-दहावीला विज्ञान शिकवण्यात गेली, म्हणून लोक मला विचारतात. फोनवर पाच मिनिटांत उत्तर देता येत नाही. म्हणून आज जरा निवांत बोलू.

हा प्रश्न विचारणारी घरं सारखी नसतात. वाशिम किंवा कारंजात नोकरी करणारे आईवडील असतात. शाळेच्या रट्ट्याला ते कंटाळलेले असतात आणि समजून-उमजून लेकराला घरी शिकवायचं ठरवतात. अशी घरं थोडी. मानोरा-मालेगावकडच्या तांड्यांवरची जास्त. गावातली जिल्हा परिषदेची शाळा सातवी-आठवीला संपते, पुढची शाळा पाच-सात किलोमीटरवर असते, मुलगी मोठी होत असते आणि घरचे म्हणतात, "घरीच बस, पुस्तकं आणून देतो." काही घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात, लेकरू सोबत जातं आणि उन्हाळ्यात परत येतं. त्यांचं घरी शिकणं मनाने निवडलेलं नसतं, ते वाट्याला आलेलं असतं. शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांपर्यंतचा. नववीचं लेकरू चौदा ओलांडत असतं, त्यामुळे ते शाळेत दिसलं नाही तरी कुणी फारसं विचारत नाही.

या दुसऱ्या घरांशी आधी बोलते. अंतरामुळे मुलीला घरी ठेवत असाल, तर कोर्स शोधण्याआधी बस शोधा. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळेसाठी एसटीचा पास मोफत आहे. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस मुलींसाठीच सुरू झाल्या. तुमच्या गावाला फेरी नसेल तर चार-पाच घरांनी मिळून आगारप्रमुखाला आणि गटशिक्षणाधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या. एकट्याचा अर्ज फायलीत राहतो, ग्रामसभेच्या ठरावासह गेलेला हलतो. निवासी आश्रमशाळांची चौकशी करा. वाशिमच्या जवाहर नवोदय विद्यालयात नववीच्या रिकाम्या जागांसाठी वेगळी परीक्षा असते, पण तिचा अर्ज आठवीत असतानाच करावा लागतो. म्हणजे धाकट्यासाठी आत्ताच लक्षात ठेवा. आणखी एक. लेकरू आठवीत एनएमएमएस शिष्यवृत्तीत बसलं असेल, तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, पण सरकारी किंवा अनुदानित शाळेत शिकत राहिलं तरच. नाव काढलं की ते पैसे गेले. गरिबाच्या घरात ही रक्कम लहान नाही. घाईत दाखला काढू नका.

एवढं करूनही घरीच शिकायचं ठरलं, किंवा तुम्ही मनापासूनच ते निवडलं असेल, तर पुढे वाचा.

बहुतेक पालक कोर्सपासून सुरुवात करतात. कुणी तरी टॅबलेट दाखवतो, कुणी ॲप दाखवतो, कुणी अकोल्याच्या क्लासच्या नोट्सची झेरॉक्स आणून देतो. मी म्हणते, सुरुवात शेवटापासून करा. हे लेकरू दहावीची परीक्षा कुठून देणार? ते ठरलं की नववीचं पुस्तक आपोआप ठरतं. ते न ठरवता निवडलेला कोर्स कितीही छान असला, तरी दहावीच्या दारात तोंडघशी पाडतो.

मुंबईच्या मालविका जोशीची गोष्ट २०१६ साली वर्तमानपत्रांत गाजली होती. सातवीनंतर तिच्या आईने तिला शाळेतून काढलं आणि घरी शिकवलं. संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिने तीन पदकं मिळवली आणि अमेरिकेतल्या एमआयटीने तिला घेतलं. पण आपल्या आयआयटीत तिला जागा नव्हती, कारण बारावीचं प्रमाणपत्र नव्हतं. लोक ही गोष्ट कागदापेक्षा हुशारी मोठी असते म्हणून सांगतात. मला तिच्यात उलटं दिसतं. इतकी हुशारी असलेल्या मुलीलाही इथलं दार कागदाविना उघडलं नाही. आपल्या लेकरापाशी ऑलिंपियाडची पदकं नाहीत. तेव्हा कागदाची सोय आधी.

वाशिमच्या लेकराला तीन वाटा आहेत. पहिली, आपल्याच राज्य मंडळाची दहावी खासगी विद्यार्थी म्हणून देणं. यालाच सगळे 'सतरा नंबर फॉर्म' म्हणतात. चौदा वर्षं पूर्ण हवीत, किमान पाचवी पास हवी आणि शाळा सोडल्याचा दाखला हवा. आपला जिल्हा अमरावती विभागीय मंडळात येतो. जी शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते, तिथे अंतर्गत मूल्यमापन आणि प्रात्यक्षिकाचं पाहावं लागतं. दहावीच्या विज्ञानाचे ४० गुणांचे दोन पेपर आणि २० गुणांचं प्रात्यक्षिक असतं, हे डोक्यात ठेवा. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची. ही संस्था १९८९ पासून आहे. वर्षातून दोनदा परीक्षा, पाच वर्षांत नऊ संधी, एकेक विषय सोडवत जाण्याची मुभा. तोडणीला जाणाऱ्या घरासाठी ही मुभा फार मोलाची, कारण एक परीक्षा चुकली तरी वर्ष बुडत नाही. माध्यमिकचा अभ्यास मराठीतूनही घेता येतो, पण विज्ञानाचं मराठी साहित्य प्रत्यक्ष हातात आल्याशिवाय माध्यम पक्कं करू नका. तिसरी वाट राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची. २०१७ साली हे मंडळ काढायचा निर्णय झाला.

एनआयओएसमध्ये एक फसवी सवलत आहे. विषय निवडता येतात. मग पालकच म्हणतात, "गणित-विज्ञान अवघड जातं, सोडून देऊ." पास होणं सोपं होतं, पण अकरावी विज्ञानाची वाट अडते. चौदाव्या वर्षी लेकराला काय अवघड जातं यावरून त्याचं सगळं पुढचं ठरवू नका. विज्ञान आणि गणित ठेवाच. मग दोन वेळा नापास झालं तरी चालेल, संधी नऊ आहेत.

मला विचाराल तर वाशिम जिल्ह्यातल्या बहुतेक लेकरांसाठी मी पहिली वाट सांगेन. भाषा ओळखीची, पुस्तक ओळखीचं, गावात त्याच पुस्तकाची मुलं आणि मास्तर आहेत, आणि मध्येच परत शाळेत जावंसं वाटलं तर दहावीला बसवून घेणारं कुणी तरी भेटतं. लेकरं पंधराव्या वर्षी मत बदलतात. मागे फिरायला जागा असलेली वाट बरी.

आता पुस्तकाकडे येऊ. माझ्या मते खरा घोळ इथेच होतो. आणि तो अडाणी घरांपेक्षा शिकलेल्या घरांत जास्त होतो.

शिकलेला बाप दोन पुस्तकं शेजारी ठेवतो. एक बालभारतीचं 'विज्ञान आणि तंत्रज्ञान, इयत्ता नववी', दुसरं एनसीईआरटीचं नववीचं. एनसीईआरटीत पेशी आहे, अणूची रचना आहे, गुरुत्वाकर्षण आहे. २०१७ पासून चालत आलेल्या बालभारतीच्या नववीत यातलं काही दिसत नाही. मग बाप म्हणतो, "राज्याचं पुस्तक हलकं आहे, आपण सीबीएसईचंच घेऊ, पुढे नीटला तेच लागतं." अहो, अणूचं अंतरंग आणि पेशी हे धडे आपल्याकडे आठवीत झाले. गुरुत्वाकर्षण दहावीच्या पहिल्या भागातला पहिलाच धडा आहे. उलट आरशातलं परावर्तन, धाराविद्युत, आम्ल-आम्लारी, कार्बन, आनुवंशिकता हे एनसीईआरटीत दहावीला येतं आणि आपल्याकडे नववीत होऊन जातं. दोन्हीकडे तेच विज्ञान, पण जिना वेगळ्या पायऱ्यांचा. आठवी एका जिन्याने आणि नववी दुसऱ्या जिन्याने चढलेलं लेकरू अणू दोनदा शिकतं आणि आरसा एकदाही शिकत नाही. त्यानंतर ते राज्य मंडळाच्या दहावीला बसलं, की भिंगाच्या धड्यात अडकतं. भिंगाचं सूत्र आणि चिन्हसंकेत आरशावरूनच पुढे गेलेले असतात, आणि आरसा तर त्याने पाहिलेलाच नसतो.

तेव्हा एकच पुस्तक धरा. नवा अभ्यासक्रम येत राहील, पुस्तकं बदलतील. त्या वर्षी जे पुस्तक चालू असेल त्याच्या अनुक्रमणिकेशेजारी दहावीची अनुक्रमणिका ठेवून एक संध्याकाळ बसा. सध्याच्या पुस्तकांचं मी सांगते. नववीचे धडे १८ आहेत, पण सगळ्यांचं वजन सारखं नाही. काही धड्यांवर दहावी उभी आहे. 'द्रव्याचे मोजमाप' या चौथ्या धड्यात संयुजा, मूलके आणि रासायनिक सूत्रं येतात. ते कच्चं राहिलं तर दहावीला रासायनिक समीकरणं म्हणजे नुसती पाठांतराची शिक्षा होते. धाराविद्युतावर विद्युतधारेचे परिणाम उभे, कार्बनवर कार्बनी संयुगं, आनुवंशिकतेवर आनुवंशिकता आणि उत्क्रांती, परावर्तनावर अपवर्तन आणि भिंगं. गतीचे नियम आणि कार्य-ऊर्जा यांच्याशिवाय तर गुरुत्वाकर्षण सुरूच होत नाही. या सात धड्यांना वर्षाचा निम्म्याहून जास्त वेळ द्या. माहिती तंत्रज्ञान, पदार्थ आपल्या वापरात, पर्यावरणीय व्यवस्थापन हे धडे लेकरू आपलं आपण वाचेल. त्यांच्या मागे काठी घेऊन लागू नका.

जे घर तोडणीला जातं त्यांच्यासाठी हीच गोष्ट जास्त महत्त्वाची. जून ते दिवाळी तुमच्या हातात असते. गणित लागणारे आणि विचारायला माणूस लागणारे धडे, म्हणजे गती, कार्य-ऊर्जा, विद्युत, द्रव्याचं मोजमाप, आरसे, या पाच महिन्यांत गावात उरकून घ्या. वनस्पतींचं वर्गीकरण, परिसंस्था, सूक्ष्मजीव, जीवनप्रक्रिया हे वाचून कळणारे धडे फडावर न्या. पुस्तकाची पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येते. निघण्याआधी मोबाइलमध्ये घालून ठेवा, फडावर रेंजचा भरवसा नसतो.

माध्यमाचं एक सांगते आणि मग हा विषय सोडते. आठवीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेल्या लेकराला घरी, शिक्षक नसताना, नववीत सेमी इंग्रजीचं पुस्तक देऊ नका. वर्गात निदान मास्तर मराठीत समजावून सांगतात. घरी एकटं लेकरू न कळलेलं वाक्य पाठ करतं आणि आपल्याला वाटतं, वा, इंग्रजीतून विज्ञान येतंय. अकरावीला इंग्रजी येणारच आहे. त्यासाठी वहीच्या शेवटच्या पानांवर दोन रकाने करा, मराठी शब्द आणि समोर इंग्रजी शब्द. ज्या धड्यात जे भेटेल ते लिहीत जायचं. वर्षभरात बरीच पानं भरतात, तेवढी तयारी पुरे.

आता टॅबलेट आणि ॲपचं. दारात येऊन हप्त्यावर अभ्यासक्रम विकणारे लोक आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचलेत. दोन-तीन वर्षांचा करार, महिन्याला कापला जाणारा हप्ता. सही करण्याआधी त्या माणसाला एवढंच म्हणा, "राज्य मंडळाच्या नववीचा चौथा धडा मराठीतून काढून दाखवा." बहुतेक वेळा बोलणं तिथेच संपतं. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपवर धड्याची फुकट सामग्री मिळते. कोलोराडो विद्यापीठाची फेट नावाची मोफत सिम्युलेशनं, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे प्रयोग, आहेत, त्यांतली कितीतरी मराठीत आहेत. विद्युत परिपथाचं तर लेकराने नक्की करावं, कारण तिथे शॉक बसत नाही. आणि पुण्याचे अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरला शिकलेला हा माणूस आयुष्यभर काडेपेटी, सायकलची ट्यूब आणि रिकाम्या बाटल्यांपासून विज्ञानाची खेळणी करत राहिला. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं आणि चित्रफिती ढिगाने आहेत, पैसे लागत नाहीत. हप्त्याच्या टॅबलेटपेक्षा मी त्यांच्या झाडूच्या काडीवर जास्त विश्वास ठेवीन.

प्रयोगशाळेचं काय, हा प्रश्न येतोच. "शाळेत निदान प्रयोगशाळा असते, घरी काय असणार?" शाळेत काय असतं ते मला माहीत आहे. खेड्यातल्या कितीतरी शाळांत कपाटाला कुलूप असतं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलात. पुस्तकात 'करून पहा' म्हणून चौकटी असतात. त्या वर्गात मोठ्याने वाचल्या जातात, मुलं 'हो' म्हणतात आणि धडा पुढे सरकतो. घरी शिकणाऱ्या लेकराचा खरा फायदा असेल तर तो या चौकटींत आहे. त्या सगळ्या करूनच पुढे जायचं, असा एकच कडक नियम घरात ठेवा. बाकी शिस्त सैल असली तरी चालेल.

आपल्या जिल्ह्यात तर नववीच्या धड्यांचं सामान दारात पडलेलं आहे. मृगाच्या आधी तुम्ही घरच्या सोयाबीनची उगवण तपासता ना? ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत १०० दाणे, गुंडाळी करून सावलीत, रोज पाण्याचा शिडकावा, सहा-सात दिवसांनी मोजणी. ७० उगवले तर एकरी ३० किलो बियाणं. ६० उगवले तर? हे गणित या वर्षी बापाने करू नये, लेकराने करावं. ३५ किलो येतं. मग त्याला पुढचं विचारा. दुसऱ्या गोणीतले १०० घेतले तर तेवढेच उगवतील का? एकदाच मोजून विश्वास ठेवायचा की तीनदा? बुरशीनाशक चोळलेले आणि न चोळलेले वेगळे ठेवले तर? विज्ञानात प्रयोग म्हणतात तो हाच, आणि त्याच्या उत्तरावर घराचे हजारो रुपये अवलंबून असतात. पेरणीनंतर साधारण दीड महिन्याने एक झाड मुळासकट हळूच उपटा, माती धुवा. मुळांवर गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी-लालसर दिसलं, तर आतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडायचं काम करताहेत. हिरवट किंवा करडं दिसलं तर ते काम थांबलंय. आठव्या धड्यातला रायझोबियम परीक्षेपुरता पाठ करण्यापेक्षा हे एक झाड बघितलेलं बरं.

आम्ल-आम्लारीच्या धड्याला लिटमस नाही म्हणून अडू नका. रिसोड-वाशिमकडे हळद पिकते. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद घ्या, त्यावर चुन्याची निवळी टाका, लालभडक होतो. लिंबू पिळलं की परत पिवळा. पण हळद आम्ल आणि साधं पाणी यांतला फरक सांगत नाही, दोन्हीत पिवळीच राहते. हे लेकराला आपलं आपण कळू द्या, तुम्ही सांगू नका. मग जास्वंदीच्या पाकळ्यांचं पाणी करून बघू द्या. ते आम्लात लाल-गुलाबी होतं आणि आम्लारीत हिरवं. कारंजा-मंगरूळपीरकडच्या संत्र्याचा रस, ताक, पापडखार, साबण, विहिरीचं पाणी, असा तक्ता बनतो. एक मात्र बजावून सांगते. चुना डोळ्यांत गेला तर डोळा जातो, आणि संडास धुण्याचं ॲसिड हे खेळायचं सामान नाही. या दोन्हींच्या वेळी मोठं माणूस शेजारी हवंच.

तीच गोष्ट विजेची. मोटरपंप हे कार्य-ऊर्जेच्या धड्याचं उत्तम उदाहरण आहे. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, तेव्हा पाचचा पंप तासाला पावणेचार युनिट खातो, पाळी आठ तासांची असेल तर तीस. हे कागदावर करू द्या. स्टार्टरच्या पेटीला मात्र हात नाही. परिपथाचे सगळे प्रयोग टॉर्चच्या दीड व्होल्टच्या सेलवर करायचे. बाजारात स्वस्तात मल्टिमीटर मिळतो, तेवढी एक खरेदी जरूर करा. जमलं तर एक भिंग आणि फोल्डस्कोप हा कागदाचा सूक्ष्मदर्शकही घ्या. मनू प्रकाश नावाच्या शास्त्रज्ञाने तो काढला. पावसाळ्यात विहिरीच्या दगडांवर चढलेलं शेवाळ त्याखाली धरलं की वर्गीकरणाचा धडा वाचायची लेकराला आपणच घाई होते.

परिसंस्थेच्या धड्यात सिंह आणि हरणं असतात. आपण कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्याच्या जिल्ह्यात राहतो. गवत, काळवीट, लांडगा, आणि त्याच अभयारण्याच्या कडेला हरभरा खाणारे रोही. कोण कुणाला खातं आणि त्यात आपलं पीक कुठे बसतं, हे ज्या बापाने रात्री जागल केली आहे त्याला पुस्तकापेक्षा जास्त माहीत असतं. अशा वेळी शिकवणारे तुम्हीच.

आणि आकाश. वाशिमच्या मध्यमेश्वराबद्दल गावात सांगतात की जुन्या ज्योतिषांची मध्यरेखा इथून जात होती. ते तसं असो. लेकराला आपली मध्यान्ह काढू द्या. अंगणात सरळ काठी रोवायची आणि अकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीचं टोक खडूने टिपायचं. सगळ्यांत आखूड सावली घड्याळाच्या बारा वाजता पडत नाही. ती साधारण वीस मिनिटं उशिरा पडते, कारण आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर चालतं आणि आपण सत्त्याहत्तरजवळ राहतो. मे महिन्याच्या २० तारखेच्या आसपास तर काठीची सावलीच नाहीशी होते. जमलं तर वर्षात एकदा लोणारला जा, रिसोडहून फार लांब नाही. बेसॉल्टमध्ये उल्का पडून झालेलं विवर, त्यातलं खारं, आम्लारीधर्मी पाणी आणि २०२० च्या जूनमध्ये मीठ सोसणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झालेलं ते तळं. नववीचे तीन धडे एका दिवसात होतात, वर सहल वेगळी.

हे सगळं नवीन नाही. काम करता करता शिकायचं हा विचार आपल्याच विदर्भात, वर्ध्याला, १९३७ च्या ऑक्टोबरात नई तालीमच्या परिषदेत मांडला गेला. आपण तो भाषणांत ठेवला आणि मुलांना गाईड घेऊन दिलं.

"पन मॅडम, आमी सातवी शिकलेले, आमाले काय समजते त्यातलं?" हा शेवटचा प्रश्न, आणि बहुतेक वेळा आई विचारते. बाई, तुला शिकवायचं नाहीच. रोज संध्याकाळी भाकरी टाकताना लेकराला समोर बसव आणि म्हण, "आज काय केलंस ते सांग." ते सांगेल. मग विचार, "कशावरून?" दुसरं काही विचारू नको. जिथे ते अडखळेल तिथे त्याने धडा पुन्हा वाचायचा. तू सातवी शिकलीस हे इथे चांगलंच आहे, कारण तुला कळेपर्यंत त्याला सोपं करून सांगावं लागतं. मास्तरला 'हो हो' म्हणून फसवता येतं, आईला येत नाही. बापाने रविवारी वही बघायची. तारीख, काय केलं, काय दिसलं, काय वाटलं होतं आणि काय निघालं, एवढं असलं की झालं. नुसती उतरवून काढलेली उत्तरं दिसली तर ती वही बाजूला ठेवा, रागावू नका, प्रयोग पुन्हा करायला सांगा.

आणि नववीतच दहावीचा, दहावीतच नीटचा क्लास लावायची जी साथ लातूर-अकोल्याकडून आपल्याकडे आली आहे, तिच्यापासून निदान घरी शिकणारं लेकरू तरी वाचवा. नववीला मंडळाची परीक्षा नाही. शाळेतल्या लेकराला या वर्षी चाचण्या असतात, तुमच्या लेकराला त्याही नाहीत. शांतपणे चुकायला मिळणारं हे एकच वर्ष आहे. परीक्षेची चव हवीच असेल तर नववीसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा असते, तिचे जुने पेपर घरी सोडवायला द्या. नंबर लावायला नाही, प्रश्न कसे विचारतात ते कळायला.

एवढं सगळं करूनही विज्ञानाचा एक माणूस लेकराला लागतोच. जवळच्या हायस्कूलच्या विज्ञान शिक्षकाला जाऊन भेटा. नाव पटावर नाही म्हणून संकोच करू नका. आमच्यापैकी बहुतेकांना विचारायला आलेलं पोर आवडतं, पटावरचं असो की नसो. महिन्यातून एका शनिवारी तासभर बसू द्या म्हणा, आणि कपाटाची किल्लीही मागा. सतरा नंबरच्या तारखा दहावीच्या आधीच्या पावसाळ्यात मंडळाच्या संकेतस्थळावर येतात, त्या चुकवू नका. शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या चार झेरॉक्स आजच काढून ठेवा. पुढे जातीच्या पडताळणीलाही तो लागणार आहे.